राखेतून आलेली सकाळ: नागपूरच्या पहाटप्रार्थनेमागचा इतिहास

नागपूरच्या ख्रिस्ती घरांत सकाळी पवित्र शास्त्र उघडून वचन वाचायचे, थोडे मनन करायचे आणि मग कामाला लागायचे, ही जुनी रीत. देवाची करुणा रोज सकाळी नवी होते, हे वचन त्यात हटकून येते. आता ते उगवत्या सूर्याच्या चित्रासह मोबाइलवरही फिरते. त्यामुळे ते कुणा सुखी माणसाने लिहिले असावे असे वाटते. तसे मुळीच नाही.

हे शब्द पवित्र शास्त्रातल्या विलापगीत या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातले आहेत. इ.स.पू. 586च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम पाडले, मंदिर जाळले, लोकांना बंदिवासात नेले. उपासमारीने रस्त्यावर पडणारी लेकरे या गीतांत दिसतात. कवी आधी देवाशीच भांडतो: तू माझी वाट चिरेबंदी भिंतीने अडवलीस, माझी हाकही आत येऊ देत नाहीस. या तक्रारीच्या ऐन मध्यावर, 22व्या आणि 23व्या ओवीत, करुणेचा उद्गार येतो. पुढे विलाप पुन्हा सुरू होतो. शहर तेव्हा उभे राहिलेले नव्हते. म्हणून मला हे वचन फार खरे वाटते. संकट टळल्यावर आभार मानणे सोपे असते; हा माणूस ढिगाऱ्यात बसून उद्याच्या सकाळवर भिस्त ठेवतो.

‘रोज’ या गोष्टीचे मूळ आणखी मागे, निर्गम या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात सापडते. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पुरवलेले अन्न, मिळे तो त्या दिवसापुरताच. साठवला तर किडे पडत. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट गोळा करायची मुभा होती. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ ही प्रभूने शिकवलेली विनवणी याच शिस्तीतली आहे. स्वतः येशूही, कफर्णहूमात रात्री दाराशी रोग्यांची गर्दी लोटल्यावर, दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच उठून एकांतात प्रार्थनेला गेला, असे मार्क आपल्या शुभवर्तमानात सांगतो. पुनरुत्थानाची बातमीही पहाटेचीच.

पुढे इ.स. 112च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी बादशहा त्राजानला कळवतो की हे ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून गीत गातात. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठांसाठी पहाटेच्या स्तोत्रांचा क्रम लावून दिला. इंग्लंडच्या 1552च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेच्या आरंभी पापांगीकार आला: कालचे कबूल करा, क्षमा घ्या, मग दिवस सुरू करा. नव्या सुरुवातीचा इतका नेमका अर्थ दुसरीकडे क्वचितच सापडेल. स्कॉटलंडच्या मंडळीने (चर्चने) 1647मध्ये घरोघरच्या सकाळ-संध्याकाळच्या उपासनेसाठी नियमावलीच काढली.

त्याच स्कॉटिश परंपरेतले मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845मध्ये नागपुरात आले. पण मराठी मनाला ही श्रद्धा आपल्या सुरात मिळाली ती नारायण वामन टिळकांमुळे. ते नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करत. 1893मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यातल्या येशूच्या डोंगरावरील प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्तचरणी आलो, असे ते सांगत. त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हेच उपासनेचे माध्यम केले, आणि काकड्याच्या सुरांत वाढलेल्या माणसाला येशूपुढे पहाटे गाताना परके वाटेनासे झाले. मराठी मंडळ्यांत त्यांची गीते आजही गायली जातात.

29 नोव्हेंबर 1970 रोजी सहा मंडळ्या नागपुरातच एकत्र आल्या आणि उत्तर भारतीय मंडळी, म्हणजे सीएनआय, स्थापन झाली. छापील प्रार्थनापुस्तक वापरणारे अँग्लिकन आणि उत्स्फूर्त प्रार्थनेला सरावलेले प्रेस्बिटेरियन एका छताखाली आले; कुणालाही आपली प्रार्थनेची रीत सोडावी लागली नाही.