न्यूयॉर्कला जाताना वेळ जास्त, परतताना कमी

३० सेंटिमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबा, दुसरं न्यूयॉर्कवर, आणि दोरा ताणा. भिंतीवरचा नकाशा पाहून तो भूमध्य समुद्रावरून जाईल असं वाटतं. पण तो उत्तरेकडे चढतो. पाकिस्तान, अफगाणिस्तान, पश्चिम कझाकस्तान, मग सेंट पीटर्सबर्गचा परिसर. आइसलँडच्या थोडं अलीकडे तो जवळजवळ ६५ अंश अक्षांश गाठतो आणि ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून कॅनडाकडे उतरतो. हा दोरा मोजला तर साधारण २९.५ सेंटिमीटर भरतो. या गोलावर १ सेंटिमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर, म्हणजे अंतर झालं १२,५०० किलोमीटरच्या किंचित वर.

आता भिंतीवरच्या (मर्केटर) नकाशावर पट्टीने सरळ रेघ मारून त्याच वाटेने निघालात, तर जवळपास १४,२०० किलोमीटर पडतील. सपाट कागदावर उत्तरेकडचा प्रदेश ताणून मोठा दाखवलेला असतो, म्हणून खरी जवळची वाट तिथे वाकडी दिसते. हा फरक सुमारे १,६५० किलोमीटरचा, म्हणजे जवळपास दोन तासांचं उड्डाण.

वेळेचं गणित मात्र अंतराला वेगाने भागून सुटत नाही. लांब पल्ल्याचं विमान हवेच्या तुलनेत ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं, आणि ती हवा स्वतः वाहत असते. १० ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. सगळ्या प्रवासात सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला असं धरा. जमिनीवरचा वेग ८५० होतो आणि १२,५०० किलोमीटरला १४ तास ४० मिनिटं लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९५०, वेळ १३ तास १० मिनिटं. दीड तासाचा हा फरक हिवाळ्यात, वारे जोरात असताना, आणखी वाढतो.

तिकिटावरची वेळ याहूनही जास्त दिसते, कारण ती विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या टोकाला जागेवर थांबेपर्यंतची असते. गर्दीच्या विमानतळावर धावपट्टीपर्यंत पोचायलाच २०-३० मिनिटं जाऊ शकतात.

शिवाय दोऱ्याची वाट नेहमी मोकळी नसते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. मुंबईहून मस्कतवरून वळसा घेतला तर सुमारे ३८० किलोमीटर, म्हणजे पंचवीस मिनिटं वाढतात. दिल्लीला हा फटका मुंबईपेक्षा जास्त बसतो, कारण तिथून पश्चिमेला निघताच पाकिस्तान आडवा येतो. रशियाचं आकाश ज्या कंपन्यांना बंद आहे, त्यांना वेगळा वळसा पडतो.

उरलं घड्याळ. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. समजा, जानेवारीत मुंबईहून रात्री १ वाजता निघालात. तेव्हा तिकडे आदल्या दिवशीचे दुपारी २:३० झालेले असतात. सकाळी ७ ला उतरलात तर प्रवास साडेसोळा तासांचा, सहाचा नव्हे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. त्या दिवसांच्या आसपास विमानतळावर कुणाला घ्यायला जायचं असेल, तर आधी हा फरक तपासा.