जुन्या घरगुती संगणकांचे पुनरुज्जीवन आणि हार्डवेअर जोडण्या

साधारण १९७७ ते १९९४ या काळात घरी वापरण्यासाठी विकले गेलेले संगणक दुरुस्त करून पुन्हा चालते करणे आणि आजच्या पडद्यांशी व साठवणीच्या साधनांशी त्यांचे जमावे म्हणून नवे हार्डवेअर त्यांना जोडणे, असे या छंदाचे आणि कौशल्याचे स्वरूप आहे. ॲपल टू, कमोडोर ६४, झेडएक्स स्पेक्ट्रम, बीबीसी मायक्रो, अटारीची यंत्रे, एमएसएक्स कुळातले संगणक आणि अमिगा ही त्यातली ठळक नावे. दुरुस्ती आणि जोडणी ही कामे एकाच टेबलावर, बहुधा एकाच व्यक्तीच्या हातून होतात, पण त्यांचा क्रम महत्त्वाचा असतो. आजारी यंत्राला लावलेली नवी जोडणी मूळ दोष झाकते किंवा त्या दोषापायी स्वतःच जळते. म्हणून आधी वीज, मग दुरुस्ती आणि शेवटी जोडणी.

या पिढीचे संगणक दुरुस्त होऊ शकतात ते त्यांच्या बांधणीमुळे. बहुतेक चिपांचे पाय एकमेकांपासून २.५४ मिलिमीटर अंतरावर असल्यामुळे साध्या सोल्डरिंग आयर्ननेही काम करता येते. प्रोसेसर, रॅम, रॉम आणि मधली जोडणारी लॉजिक सर्किट्स वेगवेगळ्या चिपांत असतात. बहुतेक यंत्रांचे सर्किट आराखडे उपलब्ध आहेत. ॲपल टूच्या तर संदर्भपुस्तिकेतच आराखडा छापलेला होता. चिकाटी असेल तर एका माणसाला अख्खा संगणक तारेगणिक समजून घेता येतो. आजच्या कोणत्याही फोनबद्दल हे म्हणता येणार नाही, आणि या कामाची खरी ओढ तिथेच आहे.

अडचण येते ती खास त्या त्या यंत्रासाठी घडवलेल्या चिपांची. कमोडोर ६४ मधली चित्राची व्हिक-टू आणि आवाजाची सिड, स्पेक्ट्रममधली फेरांती कंपनीने बनवलेली युएलए (इतर भागांना जोडणारी लॉजिक चिप), अमिगातली चित्राची डेनिस किंवा रॅमची वाटणी सांभाळणारी ॲग्नस यांचे उत्पादन कधीच बंद झाले. कमोडोर कंपनी १९९४ मध्ये दिवाळखोरीत गेली. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय त्याआधीच, १९८६ मध्ये, ॲमस्ट्रॅडने विकत घेतला होता. आता अशी मूळ चिप हवी असेल तर ती दुसऱ्या एखाद्या मेलेल्या यंत्रातूनच मिळते. म्हणून उतावळेपणाने जाळलेली एक चिप म्हणजे जगातल्या साठ्यातून कायमची वजा झालेली एक चिप, हे ध्यानात ठेवूनच झाकण उघडावे.

वीजपुरवठा

अडगळीतून काढलेला संगणक लगेच प्लगला लावून पाहण्याचा मोह सगळ्यांनाच होतो आणि सर्वाधिक नुकसानही त्यानेच होते. कमोडोर ६४ (१९८२) याचे ठळक उदाहरण आहे. त्याच्या पॉवर सप्लायमधून ५ व्होल्टचा एकदिश (डीसी) आणि ९ व्होल्टचा प्रत्यावर्ती (एसी) असे दोन पुरवठे निघतात. सुरुवातीच्या सप्लायचे पोट एपॉक्सीने भरून बंद केलेले होते, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही आणि दुरुस्तीही करता येत नाही. आतला रेग्युलेटर (दाब स्थिर ठेवणारा भाग) म्हातारा झाला की ५ व्होल्टचा दाब वर चढू लागतो आणि संगणक चालू असतानाच रॅमच्या चिपा जळतात. मल्टिमीटरने भाराशिवाय मोजलेला आकडा बरोबर आला तरी त्यावर विसंबू नये. दोष पुष्कळदा सप्लाय तापल्यानंतर, भाराखाली दिसतो. असा मूळ सप्लाय आठवण म्हणून जपून ठेवावा आणि यंत्राला नवा, जादा दाब आला की आपोआप तोडणारा सप्लाय द्यावा. या यंत्रावर करण्याजोगा सर्वांत मोलाचा बदल हाच आहे.

स्पेक्ट्रमची गोष्ट वेगळी. त्याला ९ व्होल्टचा एकदिश पुरवठा लागतो, पण पिनच्या मधल्या भागाला ऋण टोक असते. आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात, त्यामुळे पिन बसते म्हणून लावलेला अडॅप्टर यंत्राला घातक ठरतो. शिवाय त्याच्या खालच्या १६ केबी रॅमसाठी वापरलेल्या ४११६ प्रकारच्या चिपांना ५, १२ आणि उणे ५ असे तीन दाब एकदम लागतात, आणि ते तिन्ही त्या ९ व्होल्टमधून बोर्डावरच तयार होतात. उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले तर या चिपा टिकत नाहीत. वरच्या ३२ केबीची कथाही सांगण्यासारखी आहे. तिथे ६४ किलोबिटच्या, पण अर्धा भाग सदोष निघालेल्या स्वस्त चिपा बसवून त्यांचा चांगला अर्धाच वापरला होता. १६ केबीचे यंत्र १२५ पौंडांत विकण्याची जिद्द बोर्डाच्या कानाकोपऱ्यात अशी दिसते.

बीबीसी मायक्रो आणि ॲपल टू यांचे सप्लाय यंत्राच्या पोटातच असतात. त्यांत मुख्य विजेच्या बाजूला कागदी थरांचे, रिफा कंपनीचे कपॅसिटर (विजेचा भार साठवणारे भाग) आढळतात. त्यांच्या पिवळसर पारदर्शक कवचाला तडे जातात, आत दमट हवा शिरते आणि एके दिवशी खोली उग्र धुराने भरते. संगणक बहुधा बचावतो, पण हे कपॅसिटर आधीच बदललेले बरे. प्लग काढल्यानंतरही या भागात घातक दाब काही काळ साठून राहतो. काचेच्या जुन्या मॉनिटरमध्ये तर तो कित्येक हजार व्होल्टचा असू शकतो. सराव नसलेल्याने त्यात हात घालू नये.

गळती, गंज आणि निदान

कपॅसिटर सरसकट बदलावेत का, यावर या मंडळींत कायम वाद असतो. उत्तर यंत्रागणिक बदलते. अमिगा ६००, १२०० आणि ४००० यांत बोर्डाच्या पृष्ठभागावर चिकटवलेले इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर हमखास गळतात. त्या द्रवाला मासळीसारखा वास येतो आणि तो तांब्याच्या रेषा खातो. तिथे वाट पाहणे चूक. कमोडोर ६४ मधले पाय आरपार गेलेले कपॅसिटर मात्र बहुधा ठीक असतात. ते काढताना अननुभवी हातांनी उखडलेल्या तांब्याच्या चकत्या हेच तिथले मोठे नुकसान ठरते. चालत्या यंत्रात मोजमापाने दोष दिसेपर्यंत त्यांना न छेडणे शहाणपणाचे.

बॅटरीच्या बाबतीत असा संकोच नको. अमिगा ५०० च्या ए५०१ या रॅम जोडणीवर आणि अमिगा २००० व ४००० च्या मदरबोर्डावर घड्याळासाठी निकेल-कॅडमियमची बॅटरी बसवलेली असे. तिच्यातून पाझरणारे पोटॅशियम हायड्रॉक्साइड आसपासच्या रेषा, सॉकेट आणि चिपांचे पाय पोखरते. यंत्र उत्तम चालत असले तरी ही बॅटरी पहिल्याच दिवशी कापून काढावी. हिरवट डाग दिसले तर ते पातळ व्हिनेगरने निष्प्रभ करायचे, मग पाण्याने आणि शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे. तुटलेल्या रेषा बारीक तारेने सांधता येतात.

दाब बरोबर असूनही पडदा काळाच राहिला तर पाहणी ठरलेल्या वाटेने जाते. प्रोसेसरला ताल देणारा घड्याळाचा संकेत येतो का, रीसेट सुटतो का, प्रोसेसरच्या पत्त्याच्या तारांवर हालचाल आहे का, हे ऑसिलोस्कोपवर पाहतात. कमोडोर ६४ साठी सेवाकेंद्रांकरिता बनवलेले ‘डेड टेस्ट’ कार्ट्रिज आजही उपयोगी पडते. रॅमच्या आठ चिपांपैकी कोणती बिघडली ते पडदा तितक्या वेळा उजळून सांगतो. अमिगासाठी मूळ रॉमच्या जागी बसवायचा, दोष शोधणारा डायगरॉम असतो. बोटाला चटका देणारी रॅमची चिप बहुधा गेलेली असते. चिप काढायची वेळ आली तर रिकाम्या जागी चांगले सॉकेट बसवावे, म्हणजे पुढच्या वेळी त्या जागेला उष्णता द्यावी लागत नाही.

कीबोर्ड आणि पेटी यांचे काम सोपे, वेळखाऊ आणि समाधान देणारे असते. स्पेक्ट्रमच्या मेंब्रेनच्या (कळांखालच्या पातळ थराच्या) पट्ट्या वयाने ठिसूळ होऊन मोडतात, पण नव्या मेंब्रेन आजही बनतात. पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकसाठी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश वापरण्याची ‘रेट्रोब्राइट’ पद्धत २००८ पासून पसरली. रंग उजळतो हे खरे, पण पिवळेपणा काही वर्षांत परतू शकतो आणि लेप कमीजास्त लागला तर कायमचे पट्टे उमटतात. समसमान पिवळी झालेली पेटी तशीच ठेवणे हा अधिक चांगला पर्याय आहे.

जोडण्या

जोडणी हे आजच्या छांदिष्टांचे खूळ नाही. झेडएक्स८१ (१९८१) फक्त १ केबी रॅम घेऊन आला आणि मागे खोचायचा १६ केबीचा रॅमपॅक त्याच्या मालकाला जवळजवळ अपरिहार्य होता. तो जरा हलला की लिहिलेला सगळा प्रोग्राम जाई. ॲपल टूमध्ये आठ स्लॉट होते. मायक्रोसॉफ्टने १९८० मध्ये त्यासाठी झेड८० प्रोसेसरचे कार्ड काढले, त्यामुळे ६५०२ प्रोसेसरवर चालणाऱ्या त्या यंत्रावर सीपी/एम ही वेगळीच प्रणाली चालू लागली. म्हणजे रचनाकारांनीच या घरांना दारे ठेवली होती. चांगली जोडणी या दारातून आत येते, भिंत फोडून नव्हे.

बीबीसी मायक्रोचे ‘ट्यूब’ हे असेच एक दार. दुसरा प्रोसेसर जोडण्यासाठी ते यंत्र बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीने ते ठेवले. एकॉर्ननेच घडवलेला, १९८५ मध्ये तयार झालेला पहिला आर्म प्रोसेसर याच वाटेने बीबीसी मायक्रोला जोडून तपासला गेला. आज पायट्यूबडायरेक्ट या प्रकल्पात त्याच ट्यूबवर रास्पबेरी पाय हा आजचा छोटा संगणक लावतात आणि तो जुन्या जोड-प्रोसेसरांची नक्कल करतो. रास्पबेरी पायच्या आत आर्मच असतो. वंशज आपल्या जन्मघरी परत आल्याचे इतके नेमके उदाहरण संगणकांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

साठवणीच्या जोडण्यांचा खप सर्वाधिक, कारण कॅसेट आणि फ्लॉपी दोन्ही झिजतात. पण इथे बारकावा आहे. कमोडोरचा १५४१ फ्लॉपी ड्राइव्ह हा स्वतंत्र ६५०२ प्रोसेसर आणि २ केबी रॅम असलेला, एका बाजूवर सुमारे १७० केबी मावणारा छोटा संगणकच आहे. त्याचा संथपणा टाळण्यासाठी अनेक खेळ आपला कोड ड्राइव्हच्या प्रोसेसरवर चढवत. एसडीटूआयईसी हे स्वस्त साधन फायली पुरवते, पण तो प्रोसेसर त्यात नसल्याने असे पुष्कळ खेळ अडतात. पाय१५४१ किंवा अल्टिमेट कार्ट्रिज अख्ख्या ड्राइव्हची, त्याच्या घड्याळाच्या प्रत्येक ठोक्यागणिक, नक्कल करतात आणि तेच खेळ चालतात. अमिगा आणि अटारी एसटीसाठी गोटेकचा युएसबी फ्लॉपी-पर्याय फ्लॅशफ्लॉपी हे फर्मवेअर घालून वापरतात. स्पेक्ट्रमसाठी एसडी कार्ड वाचणारे डिव्हएमएमसी आहे. अमिगा ६०० व १२०० मध्ये आयडीई ही हार्ड डिस्कची जोड मुळातच असल्याने साध्या अडॅप्टरवर कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसते. स्पेक्ट्रमच्या मागची कोणतीही जोडणी वीज चालू असताना काढू वा लावू नये. तिथल्या उघड्या पट्ट्यांवर क्षणभर झालेले शॉर्ट सर्किट ४११६ चिपांना पुरेसे असते.

चित्राच्या बाबतीत स्पेक्ट्रमच्या आरएफ मॉड्युलेटरला (टीव्हीच्या अँटेनासाठी संकेत बनवणाऱ्या भागाला) वगळून थेट चित्राचा कंपोझिट संकेत बाहेर काढणे हा दोन तारांचा आणि सहज परतवता येणारा बदल आहे. अमिगासारख्या यंत्रांचा १५ किलोहर्ट्झचा आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंग नेणारा) संकेत आजचे बहुतेक मॉनिटर घेत नाहीत. आरजीबीटूएचडीएमआय ही जोडणी डेनिस चिपच्या पायांवरून मूळ अंकीय संकेतच उचलते, म्हणून तिचे चित्र स्वच्छ दिसते.

आवाजात हात घालताना सिडची जात पाहावी. ६५८१ ला १२ व्होल्ट लागतात आणि नंतरच्या ८५८० ला ९, म्हणून अदलाबदल महागात पडते. सिडची नक्कल करणारे आर्मसिड, एफपीजीएसिड यांसारखे पर्याय मिळतात, पण ६५८१ चे ॲनालॉग फिल्टर चिपेगणिक थोडे वेगळे वागत असल्याने ‘मूळ आवाज’ नेमका कोणता, याचे एकच उत्तर नाही.

सर्वांत तीव्र मतभेद वेगवर्धकांवर होतात. अमिगाला ६८०३० किंवा ६८०६० प्रोसेसरचे कार्ड लावणे ही त्याच्या काळातलीच रीत. पिस्टॉर्म या जोडणीत मात्र मूळच्या ६८००० प्रोसेसरची जागा रास्पबेरी पायवरची नक्कल घेते आणि यंत्र मूळच्या कित्येक पट वेगाने धावते. मग अमिगा उरला कुठे, असा प्रश्न विचारला जातो. चित्र, आवाज, कीबोर्ड आणि ड्राइव्ह अजून मूळ चिपाच सांभाळतात, आणि सॉकेटमधला जुना प्रोसेसर परत बसवता येतो. तो बसवता येतो तोवर आक्षेपाला फारसा आधार नाही. पेटी कापून एचडीएमआयचे भोक पाडणे, मूळ कनेक्टर उखडणे हे मात्र गैर, कारण नंतरच्या मालकाला ते भरून काढता येत नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून यंत्राबरोबर ठेवावा, आणि केलेल्या बदलांची नोंद व छायाचित्रे पेटीत असावीत.

या सगळ्याच्या आधी करायचे एक काम बहुतेकांकडून शेवटावर जाते. यंत्रासोबत आलेल्या फ्लॉपी आणि कॅसेट उतरवून घेणे. चुंबकीय थर सुटत जातो आणि मळलेल्या हेडवर तो खरवडलाही जातो. क्रायोफ्लक्स किंवा ग्रीझवीझल ही साधने फायली न वाचता थेट चुंबकीय बदलांची नोंद घेतात, त्यामुळे कॉपीसंरक्षित फ्लॉपीही जशाच्या तशा उतरतात. ईप्रॉममधला (अतिनील प्रकाशाने पुसल्या जाणाऱ्या चिपेतला) मजकूरही कायमचा नसतो. चिपवरच्या काचेच्या खिडकीवरचे लेबल निघाले असेल तर आधी ती झाकावी आणि मग मजकूर वाचून ठेवावा.