तेलविहिरीची नोटीस: घाई करण्याआधी काय वाचावं

आमच्या शाहूपुरीच्या ऑफिसातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

तेल-वायू शोधणाऱ्या एखाद्या कंपनीची नोटीस शेअर बाजाराच्या एक्स्चेंजवर आली, की आमचे फोन वाजायला लागतात. ‘गॅस लागला म्हणे, शेअर घ्यायचे काय?’ घ्या किंवा नका घेऊ, हे सांगणं आमचं काम नाही. आम्ही ऑर्डर टाकणारी माणसं. पण नोटिशीत काय आहे आणि काय गाळलंय, एवढं तरी तुम्हाला ओळखता यावं.

ताजं उदाहरण घ्या. सप्टेंबर २०२५ मध्ये अंदमानच्या समुद्रात ऑइल इंडियाच्या श्री विजयपुरम-२ विहिरीत नैसर्गिक वायू आढळल्याचं पेट्रोलियम मंत्र्यांनी जाहीर केलं. पाण्याची खोली २९५ मीटर, चाचणीचा पट्टा २,२१२ ते २,२५० मीटर, नमुन्यात ८७ टक्के मिथेन. वाचताना छाती भरून येते. पण रोज किती वायू येतो, हे त्यात नव्हतं. ज्योत अधूनमधून पेटली, एवढंच होतं. ८७ टक्क्यांवरून वायू कसला ते कळतं, किती ते नाही. ३८ मीटरच्या पट्ट्यात चाचणी घेतली, म्हणजे ३८ मीटर जाडीचा वायूचा थर सापडला असंही नाही. साठा केवढा आणि तो परवडेल का, हे पुढं तपासलं जाईल, असं त्याच घोषणेत म्हटलं होतं. ते वाक्य व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डमध्ये सहसा येत नाही.

शब्द कुठल्या पायरीचा आहे?

‘शो’ किंवा ‘तेलाच्या खुणा’ ही सगळ्यात खालची पायरी. ड्रिलिंगच्या चिखलाबरोबर दगडाचा चुरा वर येतो. त्यात वायू जाणवतो, किंवा अतिनील दिव्याखाली तेल चमकतं. पुढं ज्या विहिरी कोरड्या ठरतात, त्यांतही असे शो मिळतात.

त्यानंतर लॉगिंग. केबलवरून उपकरणं खाली सोडून दगडाची सच्छिद्रता आणि विद्युतरोध मोजतात. इथं ‘ग्रॉस’ आणि ‘नेट पे’ यांत गल्लत करू नका. ग्रॉस म्हणजे अख्ख्या पट्ट्याची जाडी. त्यातला तेल-वायू देऊ शकेल असा भाग तेवढा नेट. नोटिशीत नुसतंच ग्रॉस असेल तर थांबा.

लॉगिंग झाल्यावर कंपनी विहिरीत काय उतरवते ते बघा. आमच्या मते सगळ्या नोटिशीत कामाची ओळ हीच. स्टीलची केसिंग किंवा लायनर (विहिरीच्या आतून बसवायचा पाइप) बसवायचा खर्च केला, तर चाचणी घेण्याजोगं काहीतरी दिसलंय. सरळ सिमेंट भरून ‘प्लग अँड अबँडन’ केली, म्हणजे बुजवून सोडून दिली, तर आधीचे शो विसरा. ‘सस्पेंड’ म्हणजे विहीर बंद ठेवलीय, कारण काहीही असू शकतं.

चाचणीचा आकडा

बोअरची गाडी उभी असताना ‘दोन इंच पाणी’ म्हणतात आणि एप्रिलात मोटर अर्ध्या तासात हवा ओढते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. तेलविहिरीलाही पहिल्या काही तासांचा प्रवाह असाच फुगलेला असू शकतो. म्हणून बॅरलच्या आकड्याशेजारी (एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर) चार गोष्टी शोधा: किती तास, कोणत्या चोकवर, दाब किती, पाणी किती.

चोक म्हणजे विहिरीच्या तोंडाशी बसवलेलं ठरावीक मापाचं छिद्र. माप इंचाच्या ६४व्या भागात देतात. १६/६४ऐवजी ४८/६४चा चोक लावला तर छिद्राचा व्यास तिप्पट, पण क्षेत्रफळ नऊपट. आकडा मोठा दिसणारच. दाब त्याबरोबर कोसळतोय का, ते महत्त्वाचं.

विहिरीत कंपनीचा हिस्सा किती, हेही विसरू नका. ३० टक्के असेल, तर आकड्यातला तेवढाच वाटा तिचा.

साठा आणि वेळ

कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या दीनदयाळ क्षेत्रात २००५ साली २० लाख कोटी घनफूट वायू असल्याचं जाहीर झालं होतं. पुढं विकास आराखडा मंजूर झाला, तेव्हा आकडा दोन लाख कोटींच्या आसपास उतरला. ‘साठ्याची शक्यता’ आणि ‘सिद्ध साठा’ यांत एवढं अंतर पडू शकतं.

चांगल्या शोधालाही वेळ लागतोच. बाडमेरचं मंगला क्षेत्र जानेवारी २००४ मध्ये सापडलं, उत्पादन ऑगस्ट २००९ मध्ये सुरू झालं. तिथलं तेल मेणचट, थंडीत थिजणारं. त्यासाठी गरम ठेवता येणारी पाइपलाइन गुजरातपर्यंत टाकावी लागली. बॉम्बे हायला मात्र १९७४च्या शोधानंतर दोनच वर्षं लागली.

व्हॉट्सॲपवरचा मजकूर आणून ‘हे बघा’ म्हणू नका. मूळ नोटीस बीएसई किंवा एनएसईच्या साइटवर कंपनीच्या नावाखाली फुकट मिळते. तिचा प्रिंट घेऊन या, मराठीत समजावून सांगू. फक्त साडेतीननंतर, बाजार सुटल्यावर. बाजार चालू असताना आम्हाला चहा प्यायलाही फुरसत नसते.