घासू नका, टिपा: नवजात बाळाचा लंगोट बदलताना

बाळाची पहिली शी काळपट हिरवी आणि डांबरासारखी चिकट असते. पोटात असताना गिळलेलं गर्भजल, पित्त, आतड्याच्या झडलेल्या पेशी, अंगावरची बारीक लव असं सगळं तिच्यात असतं. वास जवळजवळ नसतो, पण ढुंगणाला ती अशी धरून बसते की नुसत्या पाण्याने निघत नाही. मग पुसणारी व्यक्ती जोर लावते, आणि जन्मून एक दिवसही न झालेली त्वचा लालबुंद होते.

त्याऐवजी कापसाच्या बोळ्यावर खोबरेल तेलाचे चार-पाच थेंब घ्यावेत आणि बोळा त्या जागेवर अर्धा मिनिट नुसता ठेवावा. शी सैल होते आणि हलक्या हाताने निघते. आणखी सोपा उपाय म्हणजे पहिले दोन-तीन दिवस स्वच्छ, कोरड्या ढुंगणावर आधीच खोबरेलाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवून ठेवणं. पुढची शी त्वचेला चिकटतच नाही.

नवजात बाळाच्या त्वचेचं सर्वांत वरचं आवरण मोठ्यांच्या मानाने पातळ असतं. या आवरणात चपट्या, मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधल्या फटी स्निग्ध द्रव्यांनी भरलेल्या असतात. पाणी आत-बाहेर न जाऊ देणं, जंतूंना दाराबाहेर ठेवणं ही कामं हाच थर करतो. मोठ्या माणसाच्या त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, सामू म्हणजे पीएच साधारण ५ ते ५.५ (हा आकडा जितका कमी, तितकी आम्लता जास्त). जन्मलेल्या बाळाच्या त्वचेचा सामू मात्र ७ च्या आसपास असतो आणि पुढच्या काही दिवसांत, आठवड्यांत हळूहळू खाली येतो. हे आम्लकवच तयार होत असतानाच आपण दिवसातून आठ-दहा वेळा त्याच जागेवर हात चालवत असतो.

शू आणि शी एकत्र आल्यावर लंगोटात नेमकं काय घडतं, हे कळलं की पुढच्या बहुतेक सूचना आपोआप समजतात. शूमध्ये युरिया असतो. तो एकटा त्वचेला फारसा त्रास देत नाही. शीमधल्या काही जंतूंकडे युरिएज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. ते युरिया फोडून त्याचा अमोनिया करतं. अमोनियामुळे सामू वर चढतो. शीमध्ये प्रथिनं पचवणारी आणि चरबी पचवणारी विकरंही असतात आणि सामू वाढला की तीच जोरात कामाला लागतात. आतड्यात अन्न पचवणारी ही विकरं आता त्वचेच्या विटा आणि मधला स्निग्ध लेप खाऊ लागतात. पूर्वी सगळा दोष अमोनियाला दिला जायचा. १९८० च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवलं, की अमोनिया थेट जाळत नाही, तो या विकरांना जागं करतो. फक्त आईच्या दुधावर असलेल्या बाळाची शी अधिक आम्लधर्मी असते, म्हणून त्या बाळांना हा त्रास तुलनेने कमी होतो.

म्हणूनच शी झाली की लंगोट लगेच बदलायचा, रात्रीसुद्धा. नुसती शू असेल तर सुती लंगोट भिजताच काढायचा, डायपर दोन-तीन तासांनी. मात्र प्रत्येक शूनंतर बाळाला धुवून-पुसून काढण्याची गरज नाही. ओलसर मऊ कापडाने टिपलं, कोरडं केलं, पुरे. आणि सामू वर नेणारी कुठलीही वस्तू त्या जागी नको. अंगाच्या साबणाच्या वडीचा सामू ९ ते १० असतो, म्हणजे अमोनिया जे करतो तेच काम साबणही करतो. बोअरचं जड पाणी असेल तर साबणाचा थर नीट धुतला न जाता त्वचेवरच राहतो. शी खूपच पसरली असेल तर ५.५ च्या आसपास सामू असलेलं, सुगंध नसलेलं बाळाचं क्लेन्झर थेंबभर वापरावं. हरभऱ्याचं पीठ आणि साय तिथे मुळीच नको; पिठाचे कण खरखरीत असतात आणि घड्यांत अडकून राहतात.

तयारी बाळाला उघडं करण्याआधी पूर्ण झालेली हवी. एका वाटीत साधारण पाव लिटर उकळून कोमट केलेलं पाणी, आठ-दहा कापसाचे बोळे किंवा जुन्या सुती साडीचे वीतभर चौकोनी तुकडे, कोरडं मलमलचं कापड, नवा लंगोट. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला ना गरम ना गार असं लागलं की बरोबर, म्हणजे ३७ अंश सेल्सिअसच्या जवळपास. बोळा आधी भिजवून पिळून घ्यावा. कोरड्या कापसाचे तंतू त्वचेला चिकटतात आणि ओरखडतातही. हात साबणाने धुवायचे ते आधी आणि नंतर, दोन्ही वेळा.

मळलेल्या लंगोटाच्याच स्वच्छ भागाने शीचा मोठा भाग आधी उचलून घ्यावा, मग ओल्या बोळ्याने पुढून मागे टिपत जावं. एक बोळा एकदाच वापरायचा. शी लागलेला बोळा वाटीत परत बुडवला की वाटीतलं सगळं पाणी खराब झालं. मुलीच्या बाबतीत ही पुढून मागे जाण्याची दिशा कधीही उलटवू नये, कारण शीमधले ई-कोलाय जंतू मूत्रमार्गात गेले तर तिथे संसर्ग होतो. नवजात मुलीच्या योनीमार्गाजवळ पांढरा चिकट थर असतो. तो खरवडून काढायचा नाही, आपोआप जातो. पहिल्या आठवड्यात तिथून पांढरा स्राव किंवा रक्ताचे एक-दोन डागही दिसू शकतात. आईची संप्रेरकं (हार्मोन्स) बाळाच्या रक्तातून कमी होत असतात, त्याची ही खूण. मुलग्याच्या लघवीच्या जागेची पुढची कातडी मागे ओढून तेल सोडण्याची पद्धत अनेक घरांत आहे, मालिशवाल्या बाईही ते करतात. ते थांबवायला हवं. जन्मतः ही कातडी आतल्या भागाला चिकटलेलीच असते आणि काही वर्षांत हळूहळू सुटते. जोराने ओढली तर फाटते, व्रण धरतो आणि पुढे खरोखरच मागे जाईनाशी होते. बाहेरून पुसलं की झालं.

बाळाचे दोन्ही घोटे धरून ढुंगण उंच उचलण्याऐवजी त्याला कुशीवर वळवावं. पाय वर गेले की पोटावर दाब येतो आणि नुकतंच प्यायलेलं दूध बाहेर येतं. जांघेतल्या, मांडीवरच्या घड्या दोन बोटांनी हलक्या उघडून आतलं पाणी टिपून घ्यावं; लाली बऱ्याचदा तिथे राहिलेल्या ओलीमुळेच येते. पाच मिनिटं तसंच मोकळं ठेवावं, हवा लागू द्यावी. नाळ पडेपर्यंत लंगोटाची वरची कड नाळेच्या खाली दुमडायची, म्हणजे शू तिच्यापर्यंत पोचत नाही.

वाइप्सबद्दल घरोघरी वाद असतो. इंग्लंडमधल्या मँचेस्टरमध्ये २८० नवजात बाळांवर चाचणी झाली आणि २०१२ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. निम्म्या बाळांना कापूस आणि पाणी, निम्म्यांना बाळांसाठी बनवलेले वाइप्स. चार आठवड्यांनंतर त्वचेतल्या ओलाव्यात फरक आढळला नाही. चाचणीचा खर्च वाइप्स बनवणाऱ्या कंपनीने केला होता, हे ध्यानात ठेवावं. पण निष्कर्ष एवढाच, की चांगला वाइप पाण्यापेक्षा वाईट नाही. आमच्या मते घरी कापूस-पाणी, प्रवासात वाइप ही विभागणी सोयीची आणि स्वस्तही.

मात्र पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला हवीत. वाइप ओलसर असतो, म्हणजे त्यात बुरशी वाढू नये म्हणून परिरक्षक घालावंच लागतं. त्यातलं मिथाइलआयसोथायाझोलिनोन हे अनेकांना ॲलर्जी देणारं निघालं. अमेरिकेतल्या संपर्क-त्वचादाह तज्ज्ञांच्या संस्थेने २०१३ साली त्याला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवलं, आणि युरोपीय संघाने २०१७ पासून त्वचेवर राहणाऱ्या प्रसाधनांत, म्हणजे वाइप्समध्येही, ते बंद केलं. या ॲलर्जीची ओळख अशी, की बाळाच्या ढुंगणावर आणि पुसणाऱ्याच्या बोटांवर एकाच वेळी पुरळ येऊ शकतं. यादीत ते नाव, सुगंध किंवा अल्कोहोल दिसलं तर पाकीट परत ठेवावं. वाइपने पुसल्यावरही त्वचा कोरडी होऊ द्यायची. ओल्यावरच डायपर चढवला तर ओल आतच कोंडते.

पावडर नकोच. बारीक कण बाळाच्या श्वासात जातात आणि घड्यांत ओली होऊन त्यांचे खडे बनतात. बोरिक पावडर तर विषारी आहे. सोललेल्या त्वचेतून ती रक्तात शिरते आणि तिने बाळं दगावलेली आहेत. पाण्यात जंतुनाशकाचं झाकण टाकायचीही गरज नाही.

लाली दिसू लागली तर झिंक ऑक्साइडचं मलम साध्या लेपासारखं जाडसर लावावं. इथे बहुतेक जण एक चूक करतात. पुढच्या वेळी सगळं मलम घासून काढून नवं लावतात, आणि त्या घासण्यातच बरी होत आलेली त्वचा पुन्हा सोलते. वरचा मळलेला थर तेवढा टिपून घ्यावा आणि त्यावरच नवा थर द्यावा.

लाली कुठे आहे यावरून तिचं कारण ओळखू येतं. शी-शूच्या दाहाने फुगीर भाग लाल होतो, म्हणजे ढुंगणाचे गोळे, मांड्या, पोटाचा खालचा भाग. घड्या बऱ्यापैकी सुटतात. घड्यांच्या आत गडद लाली आणि भोवती सुटे छोटे लाल ठिपके असतील तर कॅन्डिडा बुरशीचा संशय घ्यावा. त्यावर नुसतं झिंक पुरत नाही, बुरशीविरोधी मलम लागतं आणि ते डॉक्टरांनी सांगावं. औषधाच्या दुकानातून मिळणारी ‘तीन औषधं एकत्र’ मलमं स्वतःहून कधीही लावू नयेत. त्यांत तीव्र स्टेरॉइड असतं आणि लंगोटाच्या आत झाकलेल्या त्वचेतून ते बाळाच्या शरीरात फार जास्त शोषलं जातं. फोड, पू, रक्त दिसलं किंवा दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर दाखवून घ्यावं. आणि नवजात बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला तर त्याच तासाला.

सुती लंगोट वापरत असाल तर अर्धं काम मोरीत होतं. शी आधी वाहत्या पाण्याखाली काढावी, मग सौम्य साबणात धुवून दोनदा तरी स्वच्छ पाण्यातून काढावं. कपड्यात उरलेला डिटर्जंट पुढच्या शूमध्ये विरघळतो आणि सामू वर नेतो. कपडे मऊ करणारं सुगंधी द्रव्य नको. उन्हात वाळवावेत. पावसाळ्यात दमट राहिले तर इस्त्री फिरवावी, पण धुरीवर वाळवू नयेत. धूर बाळाच्या छातीत जातो.

बाळंतविड्यातल्या जुन्या लंगोट-दुपट्यांचा धोका वेगळाच आहे. ट्रंकेत वर्षानुवर्षं डांबरगोळ्यांसोबत ठेवलेल्या कापडात नॅप्थलीन मुरतं आणि ते बाळाच्या श्वासावाटे, त्वचेवाटे आत जातं. ज्या बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्याने फुटतात आणि मेंदूला इजा करण्याइतकी तीव्र कावीळ होऊ शकते. ही कमतरता बाहेरून दिसत नाही. धुवून, ऊन देऊनही डांबरगोळ्यांचा वास राहिला असेल तर ते कापड कितीही मऊ, कितीही आजीच्या हातचं असलं तरी बाळाला लावू नये.