नवे स्विच बसवले आणि आरसीसीबी पडू लागला? न्यूट्रल तपासा

गणपतीआधी घराला रंग काढायचा आणि त्याच खर्चात जुने पियानो स्विच काढून मॉड्युलर प्लेटा बसवायच्या, हे ठाणे-नवी मुंबईत नेहमीचं आहे. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको इमारतींत सोबत किटकॅट फ्यूजही (तारेचे जुने चिनीमातीचे फ्यूज) जातात आणि नवा डीबी, म्हणजे खटक्यांचा डबा येतो. त्यात एमसीबी (जादा लोड किंवा शॉर्ट झाला की पडणारा खटका) आणि आरसीसीबी (प्रवाहाची गळती झाली की पडणारा खटका) असतात. मग कुणी इस्त्री लावली की सगळं घर अंधारात. अशा वेळी सर्रास ऐकू येणारा सल्ला म्हणजे, "आरसीसीबी फार नाजूक असतो, बायपास करून टाका." हा सल्ला जिवावर बेतू शकतो. आरसीसीबी बहुतेक वेळा ठणठणीत असतो आणि वायरिंगमधला खरा दोष दाखवत असतो.

आधी कोणता खटका पडला ते बघा. नवा स्विच दाबताक्षणी एमसीबी पडत असेल तर त्या स्विचच्या स्क्रूखाली फेजसोबत (प्रवाह आणणारी वायर) न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) आला आहे, किंवा प्लेट दाबून बसवताना वायर चेपून शॉर्ट झाली आहे. बराच वेळ चालून एमसीबी पडत असेल तर लोड जास्त आहे. १६ अँपिअरच्या एकाच एमसीबीवर २००० वॅटचा गीझर, २००० वॅटची इंडक्शन शेगडी आणि १२०० वॅटचा मायक्रोवेव्ह लावला तर साडेबावीस अँपिअर होतात. म्हणून ३२चा एमसीबी टाकू नका. भिंतीतली जुनी वायर तीच राहते आणि एमसीबी पडण्याआधी तीच तापते.

आरसीसीबीचं काम वेगळं आहे. त्याच्या आत एक चुंबकीय कडं असतं आणि त्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. फेजने जितका प्रवाह गेला तितकाच न्यूट्रलने परत आला तर दोघांची चुंबकक्षेत्रं एकमेकांना मारतात आणि कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात काहीच निर्माण होत नाही. घरगुती आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. तेवढा फरक पडला की तो ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटलाच पाहिजे, आणि १५च्या पुढे कधीही तुटू शकतो. किटकॅटच्या तारेला हा फरक कळायचा काही मार्गच नव्हता. म्हणून वीस वर्षं मुरलेला दोष नव्या डीबीत पहिल्याच दिवशी वर येतो.

आता खरी मेख. नव्या बोर्डाच्या पत्र्याच्या डबीत काळ्या (न्यूट्रल) वायरची सोललेली टोकं हिरव्या (अर्थ) वायरला किंवा डबीला टेकली, की न्यूट्रल आणि अर्थ जोडले गेले. फेज कुठेच उघडा नसतो, त्यामुळे टेस्टर काही दाखवत नाही. पण आता परतणाऱ्या प्रवाहाला दोन वाटा मिळाल्या. १००० वॅटची इस्त्री ४.३ अँपिअर घेते. त्यातला एक टक्का अर्थमधून गेला तरी ४३ मिलिअँपिअर झाले, आरसीसीबी पडला. म्हणजे दोष बेडरूमच्या बोर्डात आणि पडतो हॉलमधल्या इस्त्रीने! बेडरूमचा एमसीबी बंद केला तरी उपयोग नाही, कारण सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल लिंकवर, म्हणजे डीबीतल्या न्यूट्रल वायरी जोडायच्या पट्टीवर, सगळ्या खोल्या एकत्रच राहतात.

शोधायची रीत सोपी आहे, पण ती परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. मेन स्विच आणि आरसीसीबी दोन्ही बंद करायचे, सगळे प्लग काढायचे, वीज नसल्याची खात्री मल्टिमीटरने करायची. मग न्यूट्रल लिंकवरच्या वायरी एकेक सोडवून, प्रत्येकीवर चिठ्ठी लावून, ती आणि अर्थ यांमधला रोध मोजायचा. काही ओहम दाखवणारी वायर गुन्हेगार. मीटरवर सगळ्या निर्दोष दिसल्या तर ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशनचा रोध मोजायचं यंत्र) लावायचा आणि किमान १ मेगाओहमची अपेक्षा धरायची.

ही पायरी पावसाळ्यात फार कामाची आहे. खटका रात्रीच पडतो, अमावास्येला पडतो म्हणून डीबीवर लिंबू-मिरची बांधणारे आणि वास्तुदोष काढणारे आहेत. त्यांच्यामागे पैसे घालवू नका. बाहेरच्या भिंतीत ओल मुरून फेज आणि अर्थमधला रोध १० किलोओहमवर आला, तर २३ मिलिअँपिअरची गळती होते. खटका पडायला तेवढीही पुरू शकते.

दोन आरसीसीबी असतील तर आणखी एक चूक संभवते. मोठ्या मॉड्युलर बोर्डात दोन सर्किटं एकत्र येतात आणि सगळ्या काळ्या वायरी एकाच पिळात बांधल्या जातात. मग एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल अशी गल्लत होऊन दिवा लावताच दोन्ही पडू शकतात. प्रत्येक सर्किटचा न्यूट्रल वेगळा सोडवण्यावाचून इलाज नाही.

जुनी सॉकेटं काढताना वरच्या मोठ्या भोकाची पिन उघडून बघा. अर्थची वायर नव्हती म्हणून कुणीतरी तिथून न्यूट्रलला वायरचा तुकडा जोडलेला असतो. पुढे कधी न्यूट्रल तुटला तर त्याच तुकड्यातून फ्रिजच्या पत्र्यावर २३० व्होल्ट येतात. तो तुकडा नव्या सॉकेटमध्ये जशाच्या तसा हलवू नका. डीबीपासून हिरवी वायर ओढून घ्या आणि काम झाल्यावर आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा. मात्र ते बटण फक्त आरसीसीबीचा खटका तपासतं, अर्थची वायर जोडली आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी प्रत्येक सॉकेटची अर्थ पिन वेगळी मोजावी लागते.