फ्रीडम म्हंजे नक्की कुठलं? ८४ वालं की ९० वालं?

परवा भाचीचा फोन आला, फोंड्याला अकरावीत आहे ती, म्हणाली मामा १९ डिसेंबरच्या कार्यक्रमात आमचा ग्रुप डान्स आहे, थीम मुक्ती, मॅडम म्हणाल्या एक इंग्लिश गाणं चालेल, तर मी जॉर्ज मायकलचं फ्रीडम घेतलंय, तू जरा कापून तीन मिनिटांचं करून दे ना. मी म्हटलं देतो की. रात्री फाइल उघडली आणि ब्रास (ट्रम्पेट वगैरे) वाजायला लागले तसं लक्षात आलं, अगं हे ते नव्हे. हे व्हॅमचं, म्हंजे जॉर्ज मायकल या ब्रिटिश गायकाच्या आधीच्या ग्रुपचं, फ्रीडम आहे, १९८४ चं. आणि त्याच्या धृपदात तो चक्क म्हणतो की मला तुझं स्वातंत्र्य नको! गोवा मुक्तिदिनाला स्टेजवर मागे तिरंगा लावलाय, पोरं नाचतायत आणि स्पीकरमधनं हे, तर कसं वाटेल सांगा. तिची काही चूक नाही, सर्च केलं की हे ८४ चं आणि त्याचंच ९० चं दोन्ही एकाखाली एक येतात, नाव तेच, आवाज तोच, लिहिणाराही तोच. म्हणून जरा नीट लिहितोय, माझ्या वयाच्या लोकांनापण यात गोंधळ होताना बघितलाय.

पहिलं व्हॅमचं. व्हॅम म्हंजे दोघं, जॉर्ज मायकल आणि अँड्र्यू रिजली, लंडनजवळच्या बुशीमधले शाळेपासूनचे दोस्त. १९८४ हे वर्ष त्यांचंच होतं, जूनमध्ये वेक मी अप बिफोर यू गो-गो ब्रिटनमध्ये एक नंबर, ऑगस्टमध्ये केअरलेस व्हिस्पर (ते तिकडे जॉर्जच्या एकट्याच्या नावावर निघालं, अमेरिकेत मात्र व्हॅमच्या, तो वेगळाच घोळ आहे), आणि ऑक्टोबरमध्ये फ्रीडम, तेपण एक नंबर, तीन आठवडे. पुढच्या वर्षी अमेरिकेत तीन नंबरपर्यंत गेलं. जॉर्ज तेव्हा एकवीस वर्षांचा होता, मला अजून हे पटत नाही. चाल साठच्या दशकातल्या मोटाऊन (अमेरिकेतली रेकॉर्ड कंपनी) गाण्यांसारखी, ब्रास, उड्या मारणारा ठेका, आणि आपल्याकडे याच्यावर जाइव्ह (जोडीनं करायचा फास्ट नाच) होतो मस्त. मडगावला एका लग्नात कोणीतरी बँडला चिठ्ठी पाठवली, फ्रीडम, बस एवढंच लिहिलेलं, बँडनं हे ८४ वालं वाजवलं आणि अख्खा हॉल उठला, पासष्टीच्या आंटीसुद्धा. चिठ्ठी पाठवणाऱ्याला दुसरं हवं होतं हे नंतर कळलं.

आता शब्द. पोरगी आहे, ती इकडे तिकडे फिरते, लोक येऊन याला सांगतात, याला सगळं माहीत आहे. तिचं म्हणणं असं की तूपण मोकळा, मीपण मोकळी. आणि हा म्हणतो नको मला ती मोकळीक, मला तूच हवी. त्यात एक उपमा आहे, कैदी आहे पण किल्ली त्याच्याच हातात आहे, तरी सुटत नाही. एवढ्या आनंदी चालीत एवढं रडकुंडीचं बोलणं बसवलंय की नाचताना कळतच नाही. मी स्वतः कितीतरी वर्षं हे खुशीचं गाणं समजत होतो.

व्हिडिओ बघितला तर अजून गोंधळ होतो, कारण त्यात प्रेमाबिमाचं काही नाहीच, आहे ते चीन. एप्रिल १९८५ मध्ये हे दोघं चीनला गेले, दोन शो, एक बीजिंगच्या वर्कर्स जिम्नॅशियममध्ये आणि एक ग्वांगझूला. पाश्चात्त्य पॉप ग्रुप असा तिकडे जाऊन वाजवतोय हे तोपर्यंत झालेलंच नव्हतं. सोबत लिंडसे अँडरसन या ब्रिटिश दिग्दर्शकाला नेलं होतं शूटिंगला, आणि त्या दौऱ्यातलं चित्रीकरण या गाण्याला लावलं. म्हणजे गाणं आधी, चीन सहा महिन्यांनी, त्यामुळे शब्द आणि चित्र यांचा काही संबंध शोधत बसू नका. बघायला मात्र फार छान आहे, निळे-करडे कपडे घातलेली माणसं, आणि मधोमध ही दोन पोरं फुगवलेल्या केसांची. शोला पोलिस लोकांना उठून नाचू देत नव्हते. आणि तिकिटाबरोबर एक कॅसेट मिळायची, एका बाजूला व्हॅम, दुसऱ्या बाजूला त्यांचीच गाणी चिनी गायिकेच्या आवाजात, म्हंजे लोकांना घरी बसून समजून घेता यावीत. मला ही कॅसेटची गोष्ट त्या सगळ्या दौऱ्यातली सगळ्यात गोड वाटते.

व्हॅम जून १९८६ मध्ये वेम्बली स्टेडियमवर शेवटचा शो करून संपलं.

दुसरं गाणं ऑक्टोबर १९९० चं, नाव फ्रीडम! ९०. हा ९० आकडा तो सालाची आठवण म्हणून लावलेला नाही, आधीचं फ्रीडम होतं म्हणूनच लावला, आणि उद्गारचिन्ह पण नावातच आहे. हे जॉर्जचं एकट्याचं, लिसन विदाउट प्रेज्युडिस व्हॉल्यूम वन या अल्बममधलं. यात स्वातंत्र्य खरंच हवंय, आणि कोणा पोरीकडून नाही, स्वतःच्याच जुन्या चेहऱ्याकडून. तो सांगतो की मी शाळकरी पोरींचा लाडका होतो, नवे कपडे आले, टीव्हीवर मोठी जागा मिळाली, आणि आता मला कळलंय की तो मी नव्हतोच. व्हॅमची आख्खी कहाणीच आहे ती, न लाजता, न रडता सांगितलेली. ठेका जेम्स ब्राऊन या अमेरिकन गायकाच्या फंकी ड्रमर या गाण्यातून घेतलेला, वरती पियानो, आणि धृपदाला चर्चमधल्या कॉयरसारखे आवाज चढत जातात. साडेसहा मिनिटांचं आहे, अमेरिकेत आठ नंबरला गेलं आणि ब्रिटनमध्ये फक्त अठ्ठावीसला, ज्या देशात ८४ वालं तीन आठवडे पहिलं होतं तिथे! मला विचाराल तर गाणं म्हणून हेच मोठं, ८४ वालं पायात बसतं आणि हे छातीत.

आणि व्हिडिओ. जॉर्ज त्यात दिसतच नाही. या अल्बमच्या वेळी त्यानं ठरवलंच होतं की चेहरा विकायचा नाही, आधीच्या प्रेइंग फॉर टाइमच्या व्हिडिओत नुसते शब्द येतात पडद्यावर, आणि अल्बमच्या कव्हरवर पण त्याचा फोटो नाही, १९४० मधली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडच्या बीचवरची गर्दी आहे, मे महिन्यात आमच्या कळंगुटला असते तशी. तर फ्रीडम! ९० मध्ये त्याच्या जागी ओठ हलवतात पाच सुपरमॉडेल, नाओमी कॅम्पबेल, लिंडा इव्हँजेलिस्टा, क्रिस्टी टर्लिंग्टन, सिंडी क्रॉफर्ड आणि तात्याना पॅटिट्झ. त्या पाचजणी जानेवारी १९९० च्या ब्रिटिश व्होग या फॅशन मासिकाच्या कव्हरवर एकत्र आल्या होत्या, तिथून ही कल्पना. दिग्दर्शक डेव्हिड फिंचर, पुढे सेव्हन आणि फाइट क्लब हे सिनेमे करणारा. सिंडी बाथटबमध्ये, लिंडा मोठ्या स्वेटरमध्ये, जुनाट मोठं घर, अंधार, आणि प्रत्येक धृपदाला काहीतरी पेटतं किंवा फुटतं. आधी लेदर जॅकेट, मग ज्यूकबॉक्स (नाणं टाकून गाणं वाजवायची पेटी), मग गिटार.

या तीन वस्तू कुठल्या ते माहीत नसेल तर व्हिडिओ नुसता फॅशन शो वाटतो. त्या फेथच्या आहेत. फेथ, १९८७, जॉर्जचं मधलं गाणं, ज्यात तो तेच जॅकेट घालून, गिटार घेऊन, ज्यूकबॉक्सजवळ कंबर हलवतो आणि जगभर तोच चेहरा त्याचा म्हणून ओळखला गेला. आणि आता खरी गंमत ऐका, फेथ सुरू होण्याआधी एक ऑर्गन वाजतो, सावकाश, चर्चमधल्यासारखा. आपण गोव्यात वाढलोय, असा ऑर्गन कानाला सवयीचा, त्यामुळे मी वर्षानुवर्षं ती कुठलीतरी प्रार्थनेची चाल समजायचो. ती चाल व्हॅमच्या फ्रीडमची आहे! ८४ वालंच, वेग काढून टाकलेलं, जणू व्हॅमला निरोप देतोय. म्हंजे ८४ ला गाणं केलं, ८७ ला त्याचा ऑर्गन वाजवून पुढे गेला, आणि ९० ला त्या ८७ वाल्याला पेटवून दिलं, परत त्याच नावाच्या गाण्यात. एकदा फ्रीडम, फेथ, फ्रीडम! ९० असं लागोपाठ ऐकाच, घरी कोणी नसताना, मोठ्यानं.

पटकन ओळखायचं असेल तर सुरुवात ऐका, ब्रास आणि उड्या असतील तर ८४, नुसता ड्रमचा घोळवलेला ठेका आणि मागून पियानो असेल तर ९०. बँडला चिठ्ठी लिहिताना आकडा घाला. आणि शाळा-कॉलेजात, १५ ऑगस्टला, १९ डिसेंबरला लावायचं असेल तर ९० वालंच, शब्द एकदा वाचून घ्या मात्र, थोडं मोठ्यांचं बोलणं आहे त्यात.

भाचीला मी ९० वाल्याचे तीन मिनिटं दहा सेकंद करून पाठवले, पियानो येतो तिथपासून ते दुसऱ्या धृपदापर्यंत, आणि शेवटी कॉयरचा भाग जोडला. त्यांनी स्टेप्स परत बसवायला घेतल्यात, आधीच्या फास्ट होत्या. रात्री साडेदहाला तिचा मेसेज आला, मामा व्हिडिओ दोनदा बघितला, जॉर्ज मायकल कुठे आहे त्यात? मी लिहिलं, हँगरला लटकलेलं ते जॅकेट बघ, पेट घेतं ते.