कष्टाळू आहे म्हणून हिशेब मागायचा नाही?

"ते मंडळीसाठी (चर्चसाठी) इतके राबतात, त्यांच्याकडे हिशेब कसला मागायचा?" हे वाक्य ऐकलं की वाईट वाटतं. कष्टाळूपणा आणि सचोटी हे दोन गुण वेगळे आहेत आणि एकाची साक्ष दुसऱ्याला चालत नाही.

कष्टाळूपणाबद्दल फार सांगायला नको. वेळेवर यावं, हातातलं काम तडीस न्यावं, प्रभूसाठी म्हणून जिवेभावे करावं. बायबलमधलं हे वचन, कलस्सै 3:23, बहुतेकांना पाठ असतं. (त्याच वचनाच्या आधारे कार्यकर्त्यांना सातही दिवस जुंपणं मात्र चूक आहे. निर्गम 20:9-10 मध्ये विसाव्याचीही आज्ञा आहे.)

सचोटीसाठी नीतिसूत्रांत 'तोम' हा इब्री शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ पूर्णपणा. माणूस आतबाहेर एकच असणं. राजदरबारी अधिकारी असलेल्या दानीएलाच्या शत्रूंनी त्याचा कारभार तपासला तेव्हा त्यांना भ्रष्टपणाही सापडला नाही आणि हयगयही (दानीएल 6:4). तपासण्या दोन होत्या, हे तिथं स्पष्ट दिसतं.

लूक 16 मधल्या येशूच्या दाखल्यातला कारभारी पाहा. नोकरी जाणार हे कळताच तो धन्याच्या एकेका कर्जदाराला बोलावतो. तेलाच्या 100 मापांचे 50 लिहायला लावतो, गव्हाच्या 100 चे 80. तत्परता आहे, योजना आहे, कामाचा उरक आहे. धन्यानं वाखाणला तो त्याचा धूर्तपणा. त्याच आठव्या वचनात त्याला अन्यायी म्हटलं आहे. हा शब्द गाळून दाखला शिकवू नये. उलट मत्तय 25 मधला तिसरा दास धन्याकडून मिळालेला तालांत (मोठी रक्कम) जसाच्या तसा परत करतो, एक नाणंही खात नाही. तरी तो दुष्ट आणि आळशी ठरतो.

कष्टाळू म्हणजे सचोटीचा, आणि सचोटीचा म्हणजे कष्टाळू, या दोन गल्लतींपैकी पहिली मला जास्त घातक वाटते. कष्ट डोळ्यांना दिसतात, सचोटी दिसत नाही. म्हणून दिसणाऱ्यावरून न दिसणारं गृहीत धरलं जातं. मग राबणाऱ्याच्याच हाती एकेक किल्ली जाते: अर्पण तोच गोळा करतो, तोच मोजतो, तोच वहीत लिहितो, बँकेतही तोच भरतो.

समजा, एका पाकिटावर 'विधवा निधी' लिहिलं आहे. त्याच आठवड्यात छत गळू लागतं. खजिनदार रात्री थांबून कामगार आणतो आणि ते पैसे छताला लावतो. "नंतर भरून ठेवू." स्वतःच्या खिशात त्यानं काही घातलेलं नाही, मेहनतही खरी आहे. पण देणाऱ्यानं ज्यासाठी दिलं त्यासाठी ते राहिले नाहीत, आणि वहीत विधवा निधीची रक्कम अजून शिल्लकच दिसते. सचोटी मोडली ती इथं. खर्च करण्याआधी देणाऱ्याची लेखी संमती घ्यायची, समितीच्या इतिवृत्तात नोंद करायची. संमती मिळाली नाही तर छतासाठी वेगळं दान मागायचं.

"देव मन पाहतो" हे उत्तर मला मान्य नाही. वर्गणी पोचवताना प्रेषित पौलानं तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळ्यांनी नेमलेला बंधू पाठवला, कारण प्रभूसमोरच नव्हे तर माणसांसमोरही व्यवहार चोख दिसावा, असं तो लिहितो (2 करिंथ 8:18-21). म्हणून अर्पण एकमेकांच्या नात्यात नसलेल्या किमान दोघांनी, उपासना संपताच मोजावं. आकडा शाईनं लिहून दोघांनी सही करावी. वही तिसऱ्यानं ठेवावी आणि महिन्याअखेर बँकेच्या विवरणाशी ताळा चौथ्यानं घालावा. माणसं कमी असतील तर बाकी कामं एकत्र करा, पण मोजणारा आणि वही लिहिणारा कधीच एक नको.